धरलंय

मंगळवार, ४ मार्च

प्रिय धाकट्या,

अकरा वर्षांनी दादाचं पत्र आलंय म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं वाटून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. तुझी वहिनी जिवंत आहे आणि तिची जीभ तिच्याहून जास्त. माझा उजवा गुडघा तेवढा गेला.

फोन का केला नाही, असं म्हणशील. तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर मला पुढे बोलायला सुचलं नसतं.

मुद्द्यावर येतो, नाहीतर नमनालाच घडाभर तेल जायचं. चिमी आमच्या ग्लायडिंग क्लबात येते. ती इथे हॉस्टेलवर राहून शिकते हे तुला माहीत आहे. दर रविवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं ती तुला सांगत असेल, तर ती मैत्रीण म्हणजे मी. सहा महिने झाले. एका रविवारी मी विंचच्या इंजिनात तेल घालत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "काका, मला ओळखलंत का?" मी ओळखलं नाही. शेवटची पाहिली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिच्या पुढच्या दातांत फट होती. फट अजून आहे. हसली तेव्हा ओळखलं.

मी तिला परत पाठवायला हवं होतं हे मला कळतं. तुला कळवायला हवं होतं हेही कळतं. पण ती म्हणाली, "बाबांना सांगू नका," आणि मला ते सोयीचं वाटलं. आधी वाटलं, तेरड्याचा रंग तीन दिवस, चार रविवार उन्हात ग्लायडर ढकलले की कंटाळेल. नाही कंटाळली. तुझ्यासारखंच आहे तिचं, जमिनीवर असली की सतत काहीतरी बोलत असते आणि वर गेली की शांत होते.

मी आता उडत नाही. विंच चालवतो. नऊशे मीटर लांब, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या सावलीत एकटा बसतो आणि दोर गुंडाळून समोरच्याला वर ओढतो. तुझी वहिनी म्हणते, उंटावरून शेळ्या हाकायचं काम तुम्हाला शोभतं. लोकांत बसावं लागत नाही, म्हणून मीच मागून घेतलं.

चिमीशी तुझ्याबद्दल फारसं बोलत नाही. तीच मध्ये मध्ये सांगते. परवा हसत हसत म्हणाली, "बाबा घराला कुलूप लावतात, जिना उतरतात, परत वर येतात. चार-चार वेळा. मग आईला विचारतात, लावलं ना गं मी?" मीही हसलो. मग तिने विचारलं, "ते आधीपासून असेच होते का?" मी म्हटलं, असेल बुवा, मला आठवत नाही.

त्या जुन्या गोष्टीवर मला काही लिहायचं नाही. जे झालं ते झालं. चौकशीत मी जे पाहिलं तेच सांगितलं.

शुक्रवार, ७ मार्च

पत्र टाकलं नाही. पेटीपर्यंत जाऊन परत आलो. गुडघ्याला दोष दिला.

आता टाकणं भाग आहे, कारण येत्या रविवारी क्लबाचा वार्षिक मेळावा आहे. पाहुणे येणार, सभासदांच्या घरचे येणार, खुर्च्या, तंबू, चहा, केक. आणि सेक्रेटरीबाईंनी ठरवलंय की पाहुण्यांसमोर पहिलं उड्डाण चिमी करणार. दोघांच्या ग्लायडरमधून ती एकटी चार वेळा वर जाऊन आली आहे. या वेळी एकट्याचं ग्लायडर, पहिल्यांदाच. सेक्रेटरीबाई म्हणजे आपल्या वेळच्या खजिनदारीणबाई, शिट्टी गळ्यात घालून फिरणाऱ्या. शिट्टी तीच आहे.

एकट्याचं ग्लायडर कसं असतं ते तुला मी सांगायला नको. आठवडाभर सुटं करून गाडीत पडलेलं असतं, उडायच्या दिवशी सकाळी जोडायचं. पंख जोडायचे, मग शेपटीवरची हलती फळी. फळीच्या सांध्यात पिन बसली की वरून चिकटपट्टी लावायची, म्हणजे वारा शिरत नाही. आणि पट्टी लागली की सांधा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दोघांनी मिळून तपासायचं. एकाने कॉकपिटमध्ये बसून दांडी हलवायची, दुसऱ्याने मागे फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून तिला विरोध करायचा आणि ओरडायचं, "धरलंय." पिन अर्धवट बसली असेल तरी फळी नुसती हलते, अगदी छान हलते. हाताचा जोर लागला की मगच सांधा निसटतो. जमिनीवर निसटला तर बरं. वर निसटला तर काय होतं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आपल्याला उडायला शिकवणाऱ्या मास्तरांना माहीत होतं.

बघ, लिहायचं नाही म्हणून पुन्हा तिथेच आलो. चोराच्या मनात चांदणं.

तू फोन करून तिला थांबवू शकतोस, म्हणून कळवतोय. म्हणजे कळवायचं ठरवलंय. रविवारच्या आत हे तुला मिळणार नाही, हे मला लिहायला बसण्याआधीच माहीत होतं.

रविवार, ९ मार्च, सकाळी सहा

वारा नाही. आभाळ स्वच्छ. उडायला उत्तम दिवस. मी रात्री झोपलो नाही. तुझी वहिनी म्हणाली, "मेळावा पोरीचा आहे, तुम्हाला कसली परीक्षा आहे?"

रविवार, संध्याकाळ

चिमी सुखरूप आहे. हे आधी वाच, मग पुढचं वाच.

सकाळचं सगळंच उशिरा झालं. तंबूचा एक खांब पडला, पाहुण्यांची गाडी रस्ता चुकली, त्यात जोडणीला चिमीबरोबर आमचे दातांचे डॉक्टर. माणूस चांगला आहे, हौशी आहे, पण बोलायला लागला की पेशंटचं तोंड उघडं ठेवून तासभर गोष्ट सांगणारा. मी आठ वाजता विंचवर गेलो तेव्हा त्यांचा दुसरा पंख बसत होता. पाहुणे आले, सेक्रेटरीबाईंची शिट्टी वाजली, आणि तपासणी राहिली होती ती थेट उड्डाणाच्या जागेवर उरकायचं ठरलं. हे मला वॉकीटॉकीवर कळलं. मी म्हटलं, उरकू नका, करा. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "हो हो."

डॉक्टरांची एक खोड आहे. वॉकीटॉकीचं बटण दाबतात आणि सोडायचं विसरतात. मग त्यांच्याकडचं सगळं मला ऐकू येतं आणि मला मात्र बोलता येत नाही. आज तसंच झालं. नऊशे मीटरवर मला माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, पण कानाला मात्र मी त्यांच्या घोळक्यात उभा होतो. बशीवर चमचा वाजला. कोणीतरी बाई म्हणाल्या, "एवढी लहान मुलगी एकटी जाणार?" डॉक्टर म्हणाले, "अहो, लहान कसली, वाघीण आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे गुडघे..." आणि लांबून चिमीचा आवाज, "डॉक्टर, दांडी हलवतेय." आणि डॉक्टर गोष्ट न थांबवता म्हणाले, "धरलंय, धरलंय," आणि पुढे, "तर माझे गुडघे असे लटलट..."

धाकट्या, फळी खरंच धरलेल्या माणसाचा आवाज असा येत नाही. हातावर जोर आला की छाती आवळते. "धरलंय" हा शब्द दाबून, तुटत बाहेर येतो, आणि एकदाच येतो. दोनदा, घाईने, मोकळ्या गळ्याने म्हणतो तो माणूस धरत नसतो. हे मला कसं माहीत, ते सांगतो. थोडं थांब.

बटण सुटलं. लगेच सेक्रेटरीबाईंचा आवाज आला. "दोर लावला. पंख उचलला. विंच, दोर ताणा."

माझा हात लिव्हरवर होता. अकरा वर्षांत ही आज्ञा मी हजारो वेळा ऐकली असेल. हात आपोआप पुढे जातो. आज मी त्या हाताकडे बघत बसलो.

"विंच, दोर ताणा."

"पुन्हा तपासा," मी म्हटलं. "फळी हाताने धरून."

"झालंय तपासून. पाहुणे उन्हात उभे आहेत."

"पुन्हा."

"अहो, झालंय म्हणतेय ना मी. दोर ताणा."

मी इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात घातली आणि चालायला लागलो.

नऊशे मीटर म्हणजे काही फार नाही, पण माझ्या गुडघ्याला विचार. मागे वॉकीटॉकी सीटवर ओरडत राहिली. समोर सगळे हात हलवत होते, मग हलवायचे थांबले. चालताना मनात दोनच गोष्टी होत्या. मी पोचायच्या आत त्यांनी दुसऱ्याला विंचवर पाठवलं तर? मग आठवलं, किल्ली माझ्या खिशात आहे. तरी दर दहा पावलांनी खिसा चाचपत होतो. तुझ्या कुलपासारखं.

पोचलो तेव्हा शर्ट भिजला होता. तीस-चाळीस माणसं असतील. चिमी कॉकपिटमध्ये, पट्टे बांधलेली, वरचं काचेचं झाकण उघडं. चेहरा लाल.

सेक्रेटरीबाई पुढे आल्या. "दोर तुटला?"

"नाही."

"इंजिन बिघडलं?"

"नाही."

"मग नाटक कसलं हे?"

मी डॉक्टरांकडे वळलो. "फळी धरली होतीत?"

"धरली होती की."

त्यांच्या एका हातात केकची बशी होती, दुसऱ्यात वॉकीटॉकी. मी म्हटलं, "कशाने? दातांनी?"

कोणीतरी हसलं. डॉक्टरांनी आधी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बशी हळूच खुर्चीवर ठेवली.

मी शेपटीशी गुडघे टेकले. उजवा टेकताना कळ मस्तकात गेली. दोन्ही हातांनी फळी धरली आणि चिमीला म्हटलं, "हलव." तिने दांडी पुढे ढकलली. जोर हातांवर आला. मागे ओढली. मी सगळं वजन टाकून धरून ठेवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

सांधा हलला नाही. पिन नीट बसलेली होती. काहीही चुकलेलं नव्हतं.

आता तू म्हणशील, बरं झालं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण चाळीस माणसांसमोर गवतात गुडघे टेकून, फळी हातात घेऊन मी बसलो होतो आणि कोणीतरी टाळी वाजवली, थट्टेची. चिमी म्हणाली, "काका, झालं? की मला उडूच द्यायचं नाहीये तुम्हाला?" तिचा आवाज रडवेला झाला होता. इतक्या दिवसांची मेहनत, आणि काकाने चारचौघांत तिची शोभा केली.

तरीही मी उठून, माफी मागून, लंगडत परत गेलो असतो. तुला खोटं कशाला सांगू? किल्ली खिशात होती, पाय परतीकडे वळले होते. पण सेक्रेटरीबाईंना राहवलं नाही. त्या पाहुण्यांना समजावून सांगायला लागल्या, की आमच्याकडे अकरा वर्षांपूर्वी एक दुर्दैवी प्रकार झाला, तेव्हापासून हे जरा हळवे आहेत. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने म्हणाल्या, "पण तुमची काय चूक होती त्यात? तुम्ही तर फळी धरली होतीत. तपासणीनंतर ज्याने सांध्याला हात लावला, त्याचं ते पाप. तुम्ही का वाहताय?"

त्यांना चिमी कोणाची मुलगी हे माहीत नाही. तिने फॉर्मवर आईचं आडनाव लावलंय.

मी चिमीकडे पाहिलं. ती समोर बघत होती. दोन्ही हात दांडीवर. तिची मान जरासुद्धा हलली नाही. ही गोष्ट आपल्या बापाबद्दल ती आठव्या वर्षापासून ऐकत आलीय, धाकट्या, आणि कशी ऐकायची हे तिला पाठ झालंय.

"मी धरली नव्हती," मी म्हटलं.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काय?"

"मास्तर गेले त्या दिवशी. मी फळी धरली नव्हती. नुसतं धरलंय म्हणालो."

आता तुला सांगतो. त्याही दिवशी पाहुणे होते. दोन बायका आणि एक गृहस्थ. मी त्यांना माझ्या पाच तासांच्या उड्डाणाची गोष्ट सांगत होतो, तीच, जी तू शंभरदा ऐकली होतीस आणि दर वेळी डोळे फिरवायचास. तू कॉकपिटमध्ये होतास. तू ओरडलास, "दादा, हलवतोय." माझा एक हात शेपटीवर होता, फळीवर नव्हता, नुसता टेकलेला, फोटोत उभं राहावं तसा. डोळ्यांच्या कोपऱ्यातून फळी हलताना दिसली. हलली म्हणजे झालं. "धरलंय, धरलंय," मी म्हणालो आणि गोष्ट पुढे नेली. मग तू उतरलास, मास्तर बसले, तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पहिला मान म्हाताऱ्याचा." पंखाचं टोक धरून ग्लायडरबरोबर मीच पळालो. पुढचं तू पाहिलंस तेच मी पाहिलं.

पिन अर्धवट बसवलीस ती तू. ते तुझं. पण विसरणं माणसाकडून होतंच, म्हणून तर दुसरा माणूस मागे उभा करतात. तो दुसरा मी होतो.

चौकशीत तिघे जण टेबलापलीकडे बसले होते. मधल्याने विचारलं, "तुम्ही फळी धरली होती?" मी म्हणालो, हो, घट्ट. मग ते म्हणाले, सांधा तेव्हा पक्का होता तर नंतर कोणी हात लावला? मला एवढंच म्हणायचं होतं की माहीत नाही. पण त्यांनी पट्टीबद्दल विचारलं. चिकटपट्टी तपासणीआधी लावली की नंतर? आणि मला एकदम वाट दिसली. नंतर लावली असेल तर लावताना पिन सरकली असेल. मी म्हणालो, नंतर. भावाने नंतर लावली.

तू बाहेरच्या बाकावर बसला होतास. मी बाहेर आलो तेव्हा तू विचारलंस, "दादा, पट्टी मी आधी लावली होती ना?" तुझा आवाज भांडणाचा नव्हता. तुला खरंच विचारायचं होतं. तुझ्यापेक्षा मला जास्त आठवत असेल असं तुला वाटत होतं, कारण लहानपणापासून ते तसंच होतं. चप्पल कुठे सोडली, वही कुठे राहिली, सगळं तू मला विचारायचास.

मी म्हटलं, "नंतर लावलीस. आठव नीट."

तुझं लायसन गेलं, ते समितीने घेतलं. पण ते बाकावरचं मी केलं.

हे सगळं मी तिथे गवतात उभा राहून सांगितलं, इतकं सविस्तर नाही, पण सांगितलं. पाहुणे चहाच्या तंबूकडे वळले. लोकांना अशा वेळी चहा बरा आठवतो. सेक्रेटरीबाईंनी शिट्टी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. मग म्हणाल्या, "किल्ली द्या इकडे. आज तुम्ही विंचला हात लावायचा नाही."

मी किल्ली काढली.

चिमीने पट्टे सोडले. खाली उतरली. माझ्याजवळून गेली ती शेपटीपाशी. मला वाटलं, रडायला गेली. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी फळी धरली आणि म्हणाली, "काका, कॉकपिटमध्ये बसा. दांडी हलवा."

"चिमे, पिन बसलीय. मी आत्ताच..."

"तुमच्या सांगण्यावर नको. हलवा."

अकरा वर्षांनी मी ग्लायडरमध्ये बसलो. दांडी पुढे ढकलली. मागून तिचा जोर आला. पोरगी बारकी आहे, पण जोर आहे. आणि तिचा आवाज आला, दबलेला, तुटका, एकदाच. "धरलंय."

मी उतरलो. ती पुन्हा बसली, पट्टे बांधले. मग सेक्रेटरीबाईंना म्हणाली, "विंच यांनाच चालवू दे."

"का गं? कशासाठी?"

"आज यांच्याइतकं जपून कोणी ओढणार नाही."

सेक्रेटरीबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, तेव्हाच त्यांना चेहऱ्यात तू दिसलास. किल्ली त्यांनी परत माझ्या हातात दिली, पण माझ्याकडे न बघता. डॉक्टर त्यांच्या गाडीतून मला विंचपर्यंत सोडायला आले. डॉक्टर गप्प बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. उतरताना एवढंच म्हणाले, "मी पण धरली नव्हती हो." मी म्हटलं, "माहीत आहे."

"दोर ताणा." ताणला. "ओढा." ओढला.

ते ग्लायडर जमिनीवरून सुटून नाक वर करतं तो क्षण मला अकरा वर्षं नको असतो. मास्तरांचं तिथवर ठीक होतं. मग शंभर मीटरवर, जिथे दोराचा ताण सगळ्यात जास्त असतो, तिथे. मी लिव्हर धरून मोजत होतो. पन्नास. ऐंशी. शंभर. एकशे वीस. माझे हात स्थिर होते, याचं मला अजून नवल वाटतं. साडेतीनशेवर तिने दोर सोडला. तो खाली येताना मला दिसला, आणि ती वर, डावीकडे वळताना.

तेवीस मिनिटं. तिला शेताच्या कडेला वर उचलणारी उष्ण हवा सापडली. तू शोधायचास तिथेच. मी खाली पत्र्याखाली बसून रडलो. तुझ्या वहिनीला सांगू नकोस.

उतरल्यावर लोकांनी तिला उचललं, डोक्यावर पाणी ओतलं, केक कापला. मला बोलावणं नव्हतं आणि मी गेलोही नसतो. पाचच्या सुमारास ती एकटी चालत माझ्याकडे आली. केस अजून ओले होते. विंचच्या चाकाला टेकून उभी राहिली.

"बाबांना मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं."

"फोन करतो आज."

"फोन नको. फोनवर तुम्ही शब्द फिरवाल. हाताने लिहा. आणि पाकीट मला द्या, मी टाकीन."

"वाचणार का तू?"

"नाही. ते बाबांचं आहे."

मग जाताना तिने विचारलं, "पट्टी?" एवढाच शब्द. मी म्हटलं, आधी. तिने मान हलवली. तिला तुझ्याकडून ते माहीतच होतं, धाकट्या. पोरीने तुझ्यावर कायम विश्वास ठेवलाय. तूच ठेवला नाहीस, कारण मी ठेवू दिला नाही.

सोमवार, १० मार्च

तुझ्या वहिनीला रात्रीच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं मी तुमची कीव करत होते." आणि उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. सकाळी चहा ठेवला, एकच कप, तिचा.

आज चौकशीच्या कार्यालयात जाऊन लेखी जबाब देऊन आलो. तिथला कारकून म्हणाला, फाइल बंद झालीय, आता काही होणार नाही. मी म्हटलं, होऊ नका देऊ, पण फाइलीत ठेवा. त्याने शिक्का मारून प्रत दिली. सोबत जोडली आहे. मास्तरांच्या बायकोकडे उद्या जाणार आहे. दार उघडतील की नाही, माहीत नाही.

पहिली पानं फाडून नवी लिहावीत असं वाटलं होतं. "जे पाहिलं तेच सांगितलं" हे मी सहा दिवसांपूर्वीच लिहिलंय, इतक्या सहज. पण ते तुला दिसायला हवं. तुझ्याशी मी अकरा वर्षं कसा बोलत होतो, ते त्यात आहे. म्हणून सगळी पानं तशीच पाठवतोय.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायला तोंड लागतं, आणि हे तोंड तू ओळखतोस. चिमीवर रागावू नकोस, तिने लपवलं ते मी लपवू दिलं म्हणून.

ती बाहेर पाकिटाची वाट बघत उभी आहे, दारात, आत येत नाहीये. म्हणून आता जे लिहायचं ते थोडक्यात, आणि हे तू कितीदाही काढून वाचावंस म्हणून वेगळ्या ओळीत लिहितो.

तू पट्टी आधी लावली होतीस. तपासणी झाल्यावर तू सांध्याला हात लावला नाहीस. मी तिथे होतो, मी पाहिलं. तुला जे आठवत होतं ते बरोबर होतं.

कुलूपही लावलेलं असतं, धाकट्या. पहिल्याच वेळी.

दादा